कृष्णवर्णीय एजंट आणि विश्वासाचा प्रश्न : अमेरिकी व्यावसायिक खेळांतील प्रतिनिधित्व

कृष्णाकाठ

नमस्कार.

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधील सुमारे सत्तर टक्के खेळाडू कृष्णवर्णीय आहेत आणि एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगमध्ये त्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. मात्र या खेळाडूंच्या वतीने संघमालकांशी बोलणी करणारे, जाहिरातदारांशी व्यवहार ठरवणारे आणि त्या कमाईवर कमिशन घेणारे एजंट कोण, असे विचारले की गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत गाजलेली नावे बहुतेक गोऱ्या पुरुषांची निघतात. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचे डेव्हिड फॉक, फुटबॉलमधील ली स्टाइनबर्ग आणि ड्रू रोझेनहाउस ही त्यांपैकी काही. कृष्णवर्णीय एजंट नव्हते असे मुळीच नाही. ते दीर्घकाळ या व्यवसायात आहेत आणि त्यांतील काहींनी करार करण्याची रीतच बदलून टाकली. तरीही त्यांना पायरीपायरीवर जे सिद्ध करावे लागते ते इतरांना करावे लागत नाही, असे मला या विषयाचे वाचन करताना सतत जाणवले, आणि म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना ही व्यवस्था अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. अमेरिकेत एजंटला परवानगी लीग देत नाही, खेळाडूंची संघटना देते. एनएफएल खेळाडूंच्या संघटनेकडे अर्ज करायचा तर २,५०० डॉलर शुल्क भरावे लागते, पदवी आणि त्यावर पदव्युत्तर किंवा कायद्याची पदवी लागते (पुरेसा वाटाघाटींचा अनुभव असल्यास सवलत मिळू शकते), परीक्षा द्यावी लागते आणि व्यावसायिक विमा घ्यावा लागतो. एवढे करून खेळाडूच्या करारावर जास्तीत जास्त तीन टक्के कमिशन मिळते. बास्केटबॉलमध्ये ही मर्यादा चार टक्के आहे. जाहिरातींच्या उत्पन्नावरचे कमिशन याहून बरेच जास्त असते, पण जाहिराती मोजक्याच खेळाडूंच्या वाट्याला येतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. रिच पॉल हा क्लीव्हलंडच्या एका वस्तीत वाढलेला मुलगा. वडिलांचे छोटे दुकान होते. २००२ साली अॅक्रन-कँटन विमानतळावर त्याची आणि पुढे एनबीएचा महान खेळाडू झालेल्या, तेव्हा शाळकरी लेब्रॉन जेम्सची गाठ पडली, कारण पॉलच्या अंगात वॉरन मून या फुटबॉलपटूची जुन्या पद्धतीची जर्सी होती आणि लेब्रॉनला ती आवडली. पॉल तेव्हा अशा जर्सी गाडीच्या डिकीत ठेवून विकत असे. त्या ओळखीतून मैत्री झाली, पॉलने पुढे सीएए या बलाढ्य एजन्सीत लिऑन रोझ यांच्या हाताखाली काम शिकून घेतले आणि २०१२ साली क्लच स्पोर्ट्स ही स्वतःची संस्था काढली. त्याच्याकडे महाविद्यालयाची पदवी नव्हती. खेळाडूंच्या संघटनेने मात्र त्याला रीतसर प्रमाणपत्र दिलेले होते, आणि पुढील काही वर्षांत त्याने केलेले करार पाहता ते योग्यच होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेने नवा नियम जाहीर केला. महाविद्यालयात खेळणारा एखादा मुलगा एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या निवडीत, आपल्याला कुठे स्थान मिळते याचा अंदाज घेत असेल आणि महाविद्यालयात परतण्याचा पर्याय त्याला राखायचा असेल, तर त्याला सल्ला देणाऱ्या एजंटकडे पदवी हवी, खेळाडू संघटनेचे प्रमाणपत्र सलग तीन वर्षे हवे, विमा हवा आणि त्याने इंडियानापोलिसला प्रत्यक्ष येऊन परीक्षा द्यायला हवी. लेब्रॉनने त्याच दिवसांत या नियमाला 'रिच पॉल नियम' असे नाव दिले आणि ते चिकटले. पॉलने 'दि ॲथलेटिक'मध्ये लेख लिहून सांगितले की या नियमाने त्याचे स्वतःचे फारसे बिघडणार नाही, ज्यांच्याकडे महाविद्यालयात जाण्याची ऐपत नव्हती पण या धंद्याची उत्तम जाण आहे अशा पुढच्या मुलांची वाट मात्र बंद होईल. लेख १२ ऑगस्टला आला, आणि त्याच दिवशी एनसीएएने खेळाडू संघटनेचे प्रमाणपत्र असलेल्यांसाठी पदवीची अट मागे घेतली.

ही अट कुठून आली असावी, हे पाहण्यासाठी आधीचे वर्ष आठवावे लागेल. डेरियस बेझली या मुलाने महाविद्यालयीन हंगाम पूर्णपणे टाळला आणि पॉलच्या सल्ल्याने न्यू बॅलन्स या बुटांच्या कंपनीत सुमारे १० लाख डॉलरच्या हमीची उमेदवारी पत्करली. म्हणजे ज्या व्यवस्थेत मुलगा फुकट खेळतो आणि विद्यापीठ कमावते, तिला वळसा घालण्याचा रस्ता एका कृष्णवर्णीय एजंटने दाखवून दिला होता. नियम त्यानंतर आला. या दोन घटनांचा संबंध मला सिद्ध करता येणार नाही, पण हा क्रम माझ्या मनातून जात नाही.

याच्याही आधीचे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. युजीन पार्कर हे इंडियाना राज्यातील फोर्ट वेन या गावचे. पर्ड्यू विद्यापीठात बास्केटबॉल खेळले, नंतर कायदा शिकले आणि फुटबॉलपटूंचे एजंट झाले. १९९५ साली त्यांनी डिऑन सँडर्स या खेळाडूचा डॅलस काउबॉइज या संघाशी करार केला : सात वर्षे, ३ कोटी ५० लाख डॉलर, आणि त्यांतील जवळजवळ १ कोटी ३० लाख डॉलर सही करतानाचा बोनस. प्रत्येक संघाला वेतनावर जी कमाल मर्यादा पाळावी लागते, तिच्यात हा करार बसवण्यासाठी पार्कर यांनी पहिल्या वर्षांचा मूळ पगार अगदी कमी ठेवला आणि बोनसचा भार सातही वर्षांवर पसरवला. लीगला हे रुचले नाही. त्यानंतर बोनस आणि पगार यांचे प्रमाण बांधून देणारा नियम आला, आणि तो आजही 'डिऑन सँडर्स नियम' म्हणून ओळखला जातो. नाव खेळाडूचे आहे, पण ती कल्पना राबवणारे डोके पार्कर यांचे होते. २०१६ साली ते साठाव्या वर्षी कर्करोगाने गेले. आज फुटबॉलच्या सामान्य प्रेक्षकाला त्यांचे नाव माहीत असेल असे मला वाटत नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

जाणकारांनी आपली मते मांडावीत.

पाऊलवाट

धागा चांगला आहे, परंतु एका मुद्द्यावर मी असहमत आहे. आपण वकिलाकडे, सनदी लेखापालाकडे पदवी मागतो आणि ते योग्यच समजतो. वीस वर्षांच्या मुलाच्या हाती एकदम कोट्यवधी डॉलर येतात, त्याचे घरचे लोक या व्यवहारात नवखे असतात, आणि एजंटने फसवल्याची उदाहरणे काही कमी नाहीत. विल्यम 'टँक' ब्लॅक हा एजंट खेळाडूंच्या पैशांची फसवणूक केल्याबद्दल तुरुंगात गेला. १९९९ साली फुटबॉलपटू रिकी विल्यम्सचा न्यू ऑर्लिन्स सेंट्स या संघाशी झालेला करार तर अजूनही उदाहरणादाखल सांगितला जातो. मास्टर पी या रॅप गायकाच्या नव्या संस्थेने तो केला होता. कागदावर आकडा मोठा होता, पण त्यातील बहुतेक रक्कम अतिशय कठीण उद्दिष्टे गाठली तरच मिळणार होती. खेळाडूने पुढे एजंट बदलून ली स्टाइनबर्ग यांना गाठले. अशा वेळी किमान पात्रतेची अट घालणे हा वर्णभेद कसा होतो?

कृष्णाकाठ

पाऊलवाट, आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देण्याची माझी इच्छा नाही.

रिकी विल्यम्सचा करार वाईट होता, यात शंका नाही. पण त्या करारानंतर काय झाले ते पाहावे. पुढील कित्येक वर्षे एखादा कृष्णवर्णीय एजंट नवोदित खेळाडूच्या घरी गेला, की प्रतिस्पर्धी एजंट त्या कुटुंबाला रिकी विल्यम्सची आठवण करून देऊ शकत असे, मग समोरच्या माणसाचा त्या संस्थेशी काडीचाही संबंध नसला तरी चालत असे. टँक ब्लॅकचेही तेच; तो आणि मास्टर पी दोघेही कृष्णवर्णीय. उलट १९८० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्बी वॉल्टर्स आणि लॉइड ब्लूम या गोऱ्या एजंटांनी महाविद्यालयीन खेळाडूंना गुपचूप पैसे देऊन करारबद्ध केल्याचे प्रकरण न्यायालयात गाजले, तेव्हा बदनामी त्या दोघांपुरती राहिली. 'गोऱ्या एजंटांवर भरवसा ठेवावा का' असा प्रश्न त्यावरून कोणी विचारला नाही. एकाची चूक एकाच्याच नावावर लागते आणि दुसऱ्याची त्याच्या सगळ्या समाजाच्या नावावर लागते, हे मला या व्यवसायातील सर्वांत खोल दुखणे वाटते.

पदवीच्या अटीबद्दल सांगायचे तर २०१९ चा नियम आधीच्या व्यवस्थेतील कोणती उणीव भरून काढणार होता, हे एनसीएएला नीट सांगता आले नाही, कारण खेळाडू संघटनेची छाननी आधीच अस्तित्वात होती. फसवणूक करणाऱ्या एजंटांपैकी अनेकांकडे पदव्या होत्या. शिवाय एजंटचे खरे काम म्हणजे संघाच्या पुढील तीन वर्षांच्या वेतनाचा हिशेब डोक्यात ठेवणे, व्यवस्थापकाला नेमका कोणता खेळाडू किती निकडीने हवा आहे हे ओळखणे आणि बोलणी तुटू न देता ताणून धरणे. हे पदवीतून येतेच असे नाही. पार्कर यांच्याकडे कायद्याची पदवी होती, पॉलकडे कुठलीच नव्हती, आणि दोघेही आपापल्या काळात आघाडीवर होते.

आणखी एक प्रसंग लिहितो. नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यू यॉर्क निक्स या एनबीए संघाचे तेव्हाचे अध्यक्ष फिल जॅक्सन यांनी ईएसपीएन या क्रीडावाहिनीला दिलेल्या मुलाखतीत लेब्रॉनच्या व्यावसायिक भागीदारांचा उल्लेख 'पॉसी' असा केला. आपल्याकडील 'टोळके' या शब्दाला जो वास आहे तोच त्या शब्दाला आहे. ज्यांच्याबद्दल ते बोलत होते त्या मॅव्हरिक कार्टर आणि रिच पॉल यांनी तोवर कोट्यवधी डॉलरचे व्यवहार यशस्वी केले होते. लेब्रॉनने त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. गोऱ्या खेळाडूचे बालमित्र त्याच्या व्यवसायात भागीदार झाले असते तर त्यांना भागीदारच म्हटले गेले असते.

दक्षिणवारा

मी अटलांटात लेखापालाचे काम करते. माझे बहुतेक अशील छोटे व्यावसायिक आहेत, आणि त्यांत एक कृष्णवर्णीय फुटबॉल एजंट होते. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील वगळून काही लिहिते, कारण या चर्चेत पैशाच्या बाजूचा उल्लेख अजून आलेला नाही आणि माझ्या मते कोंडी तिथेच आहे.

हिशेब सोपा आहे. २०२४ च्या हंगामात एनएफएलमध्ये नव्या खेळाडूचा किमान पगार ७,९५,००० डॉलर होता. त्यावर तीन टक्के म्हणजे २३,८५० डॉलर. पण २०१६ पासून संघटनेच्या नमुना करारपत्रात दीड टक्का हाच आकडा आधीपासून गृहीत धरलेला असतो, आणि त्याहून जास्त हवे असेल तर एजंटने ते खेळाडूशी ठरवून लिहून घ्यायचे असते. मोठ्या एजन्सी नामवंत खेळाडू मिळवण्यासाठी खुशाल दर उतरवतात, कारण त्यांचा नफा जाहिरातींतून, चित्रपट-संगीत विभागातून आणि जुन्या खेळाडूंच्या मोठ्या करारांतून निघतो. दीड टक्क्याने ही रक्कम ११,९२५ डॉलर होते, आणि तीही खेळाडू वर्षभर संघात टिकला तरच.

आता खर्च पाहा. महाविद्यालयाचा शेवटचा हंगाम संपल्यापासून ड्राफ्टपर्यंत मुलाच्या खास सरावाचा, राहण्याचा, आहाराचा आणि प्रवासाचा खर्च एजंट करतो. नियमात तसे लिहिलेले नाही, पण बाजाराची रीत अशी आहे की जो हा खर्च करणार नाही त्याला खेळाडू मिळत नाही. माझ्या अशिलांचा हा खर्च एका मुलामागे वीस हजार डॉलरच्या आसपास जात असे. ते त्यासाठी घर गहाण ठेवून कर्ज काढत. मुलगा ऑगस्टमध्ये संघातून वगळला गेला, तर त्यातील एक डॉलरही परत येत नसे. मोठी एजन्सी अशी दहा मुले गमावूनही अकराव्यावर सगळे वसूल करते. ज्यांच्या आईवडिलांना बँकेने कर्ज नाकारले होते, ज्यांच्या घराण्यात कोणाकडेच शिल्लक साठलेली नाही, त्यांना दुसऱ्याच मुलानंतर थांबावे लागते.

त्यात लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील २०११ च्या सामूहिक करारापासून नवोदितांचे पगार क्रमांकानुसार जवळजवळ ठरून गेलेले आहेत. त्यापूर्वी हुशार एजंट पहिल्याच करारात आपले कौशल्य दाखवून नाव कमावू शकत असे. आता पहिल्या करारात वाटाघाटीला फारशी जागाच उरलेली नाही, त्यामुळे स्पर्धा कौशल्यावरून उठून आगाऊ खर्च कोण जास्त करतो यावर आली आहे. आणि अखेरचा फास म्हणजे तीन वर्षांत एकाही खेळाडूचा करार झाला नाही तर प्रमाणपत्र जाते. अर्ज, परीक्षा, शुल्क, सगळे पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या अशिलांकडे तीन वर्षांत तीन खेळाडू आले. पहिला दुखापतीने गेला. दुसरा संघाच्या अंतिम यादीत आला नाही. तिसरा चांगला निघाला, त्याला संघाने घेतलेही असते, पण सही होण्याच्या आधी मार्च महिन्यात त्याने यांना पत्र पाठवून सेवा थांबवली आणि एका मोठ्या गोऱ्या एजन्सीकडे गेला. त्याच्या आईचा फोन आला होता. ती म्हणाली, आमच्यासाठी तुम्ही खूप केलेत, पण आता आम्हाला मोठ्या लोकांबरोबर असायला हवे.

सोनचाफा

दक्षिणवारा, तो फोनचा प्रसंग वाचून मी बराच वेळ पुढे काही वाचू शकले नाही.

बायकांविषयी थोडे लिहिते, कारण तिथे हा अडथळा दुहेरी होतो. निकोल लिन या तल्सात गरिबीत वाढल्या, ओक्लाहोमा विद्यापीठातून कायदा शिकल्या आणि फुटबॉलच्या एजंट झाल्या. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये त्यांचा खेळाडू क्विनेन विल्यम्स तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. इतक्या वरच्या क्रमांकाच्या खेळाडूचे प्रतिनिधित्व करणारी कृष्णवर्णीय स्त्री त्यापूर्वी झाली नव्हती. पुढे त्या क्लच स्पोर्ट्समध्ये गेल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये जेलन हर्ट्सचा फिलाडेल्फिया ईगल्सशी पाच वर्षांचा, २५ कोटी ५० लाख डॉलरचा करार त्यांनी केला. वार्षिक सरासरीने तो त्या क्षणी लीगच्या इतिहासातील सर्वांत मोठा होता. एका कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकने, म्हणजे संघाचा डाव चालवणाऱ्या खेळाडूने, एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या हाती हे काम दिले, आणि तिने ते अशा रीतीने पार पाडले की पुढील कोणाही मुलीला 'तुम्हाला फुटबॉल कळतो का' हा प्रश्न विचारण्याआधी समोरच्याला विचार करावा लागेल.

जुनावाचक

चर्चा वाचताना मला आपल्या इतिहासातील एक गोष्ट आठवली, आणि ती विषयाला सोडून नाही असे वाटते म्हणून लिहितो. डॉ. आंबेडकर १९२३ साली मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले, तेव्हा त्यांच्या विद्वत्तेबद्दल कोणाला शंका नव्हती. परंतु बॅरिस्टरला काम मिळते ते सॉलिसिटरमार्फत, आणि अस्पृश्य समाजातील बॅरिस्टरकडे खटला देण्यास बहुतेक सॉलिसिटर तयार नसत. पात्रता हातात असूनही कामाचा दरवाजा दुसऱ्याच्या ताब्यात असतो, ही अवस्था मला या एजंटांच्या अवस्थेशी मिळतीजुळती वाटली. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडे बाबासाहेबांचे लक्ष होते, १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्रही लिहिले होते.

दक्षिणवारा यांच्या प्रतिसादातील आईच्या फोनबद्दल एक विचारायचे आहे. ती स्वतः कृष्णवर्णीय होती ना? मग आपल्याच माणसावर अविश्वास का?

कृष्णाकाठ

जुनावाचक, आभार. दुवा नेमका आहे. मुंबईत सॉलिसिटर होता, इथे खेळाडूचे घर आहे, म्हणून आपला शेवटचा प्रश्न अधिकच अवघड होतो.

कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये एक जुनी म्हण आहे, तिचा आशय असा की गोऱ्याच्या दुकानातला बर्फ जास्त थंड असतो. शेजारच्या आपल्या माणसाकडे तोच बर्फ मिळत असताना लोक दूरच्या गोऱ्या दुकानदाराकडे जातात. ही म्हण त्यांनी स्वतःबद्दल, दुःखाने केलेली आहे. एजंटच्या व्यवसायात तिचा अर्थ फार ठळक दिसतो. पण मी त्या आईला दोष देणार नाही. तिने आयुष्यभर पाहिलेले आहे की संघाचे मालक गोरे, महाव्यवस्थापक बहुतेक गोरे, बँकेतला अधिकारी गोरा, न्यायाधीश गोरा. त्या खोलीत आपल्या मुलाचे काम व्हावे म्हणून तिथल्या लोकांसारखा दिसणारा माणूस पाठवावा, असे तिला वाटले तर तो तिचा अनुभव बोलतो. जोखीम एकाच मुलाची आणि तीही एकदाच घ्यायची असते. दुखापत झाली तर सारे संपते. अशा वेळी माणूस प्रयोग करत नाही.

याची दुसरी बाजूही खरी आहे आणि ती सांगायला हवी. पॉलने लेब्रॉनचा विश्वास मिळवला तो दोघे एकाच मातीतले होते म्हणून. लेब्रॉनचे पहिले एजंट आरॉन गुडविन हेही कृष्णवर्णीय होते, आणि २००३ साली नायकीचा सुमारे ९ कोटी डॉलरचा करार त्यांच्या काळात झाला, तोही मुलाने एनबीएचा एकही सामना खेळण्यापूर्वी. बिल डफी या कृष्णवर्णीय एजंटने याओ मिंग या चिनी आणि स्टीव्ह नॅश या गोऱ्या बास्केटबॉलपटूचे प्रतिनिधित्व केले, म्हणजे कृष्णवर्णीय एजंट केवळ कृष्णवर्णीयांपुरता असतो ही समजूतही खोटी ठरली. मात्र लेब्रॉनसारखा खेळाडू पिढीत एखादा येतो. मधल्या फळीतील, तिसऱ्या-चौथ्या फेरीत निवडल्या जाणाऱ्या मुलांवर ज्यांचा व्यवसाय चालतो, त्या एजंटांचे काय, हा प्रश्न त्या यशोगाथांनी सुटत नाही.

पाऊलवाट

माझे मत काही अंशी बदलले आहे, विशेषतः खर्चाचा हिशेब वाचून. एक शंका : प्रशिक्षकांच्या नेमणुकीसाठी एनएफएलमध्ये २००३ पासून 'रूनी नियम' आहे, मुख्य प्रशिक्षक निवडताना संघाला अल्पसंख्य उमेदवारांची मुलाखत घ्यावी लागते. एजंटांसाठी असे काही का होत नाही? खेळाडू संघटनेचे नेतृत्व तर १९८३ पासून २००८ पर्यंत जीन अपशॉ आणि २००९ पासून २०२३ पर्यंत डीमॉरिस स्मिथ यांच्याकडे, म्हणजे कृष्णवर्णीयांकडेच होते.

कृष्णाकाठ

रूनी नियम संस्थेवर बंधन घालतो. एजंट निवडणारा खेळाडू ही एक व्यक्ती असते, आणि आपला वकील कोण असावा हे ठरवण्याचा तिचा हक्क कोणी काढून घेऊ नये, असे मलाही वाटते. त्यामुळे तसा नियम इथे बसत नाही.

संघटनेविषयी आपला मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. संघटनेचे कर्तव्य खेळाडूंशी असते, एजंटांशी नसते. कमिशन कमी झाले तर खेळाडूचा फायदा होतो, म्हणून दीड टक्क्याचा निर्णय तिच्या दृष्टीने बरोबर होता. तीन वर्षांच्या अटीने नावापुरते एजंट गळतात, तेही बरोबर. हेतू वाईट नसतानाही या सगळ्याचा भार लहान, भांडवल नसलेल्या एजंटांवर पडतो, आणि त्यांत कृष्णवर्णीय अधिक असतात. माझ्या मते संघटनेच्या हाती एक गोष्ट निश्चित आहे : ड्राफ्टपूर्व सरावाचा खर्च सामूहिक निधीतून करणे, किंवा एका खेळाडूमागे एजंटने किती खर्च करावा याला मर्यादा घालणे. तसे झाले तर लिलाव थांबेल आणि मुलाच्या घरी बसून बोलणारा माणूस आपल्या कामावर निवडला जाईल.

सोनचाफा

महाविद्यालयीन खेळाडूंना आता स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. त्याने काही फरक पडला आहे का?

दक्षिणवारा

पडला आहे, आणि दोन्ही दिशांनी पडला आहे. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्स्टन खटल्यात एनसीएएविरुद्ध निकाल दिला आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपले नाव, छायाचित्र आणि प्रसिद्धी यांवर कमाई करण्याची मुभा मिळाली. एनसीएएने खेळाडूंशी केलेल्या २०२५ च्या समझोत्यानंतर तर विद्यापीठे खेळाडूंना उत्पन्नाचा थेट वाटा देऊ लागली आहेत, पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाकडून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. या व्यवहारांवर व्यावसायिक खेळाडू संघटनांचे नियंत्रण नाही. राज्यांचे नोंदणी कायदे आहेत, पण पदव्युत्तर पदवी, तीन वर्षांची मुदत, तीन टक्क्यांची मर्यादा यांतले काही इथे लागू होत नाही. म्हणून ज्यांना व्यावसायिक लीगचा दरवाजा उघडला नाही असे बरेच कृष्णवर्णीय एजंट इकडे आले आहेत आणि मुलांना त्यांच्या अठराव्या वर्षापासून ओळखू लागले आहेत. त्याच मोकळेपणात लुबाडणारेही आले आहेत, जे वीस-वीस टक्के घेतात. त्यांतल्या एखाद्याचे नाव वर्तमानपत्रात येईल आणि तो कृष्णवर्णीय असेल, तेव्हा त्याचा हिशेब पुन्हा सगळ्यांच्या नावावर मांडला जाईल, ही भीती मला आहे.

जुनावाचक

आपले ते अशील आता काय करतात?

दक्षिणवारा

प्रमाणपत्र गेल्यावर त्यांनी पुन्हा अर्ज केलेला नाही. दिवसा एका महाविद्यालयात करारांचा कायदा शिकवतात आणि संध्याकाळी चार महाविद्यालयीन खेळाडूंचे जाहिरातींचे करार पाहतात. गेल्या डिसेंबरात त्यांतील एकाने ड्राफ्टसाठी मोठी एजन्सी निवडली. मुलगा स्वतः भेटायला आला होता, डोळे वर करत नव्हता. यांनी तीन वर्षांचे त्याचे सगळे करार, कराच्या पावत्या, विम्याचे कागद तारखांप्रमाणे लावून ठेवले होते. ती फाइल त्याच्या हाती दिली आणि कोणत्या करारात मुदतवाढीचे कलम आहे ते पिवळी चिठ्ठी लावून दाखवले, म्हणजे नव्या एजंटच्या नजरेतून ते सुटू नये.

त्या फाइलची एक प्रत माझ्याकडे आहे. कराच्या कामासाठी ती मी दोनदा वाचली, आणि तिच्यात एकही चूक सापडली नाही.